एक्केचाळीस कार्डे

शिकागो, १९ ऑक्टोबर

ती. आर्डिस मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बस दोन तास उशिरा आली. तू बांधून दिलेला भोपळ्याचा केक शेजारच्या सीटवरच्या बाईनं निम्मा संपवला आणि वर साखर कमी आहे म्हणाली. तुझा निरोप म्हणून तिला सांगितलं, की साखर मुद्दाम कमी असते.

इथं कामाचा डोंगर आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या गव्हर्नर डेलहंटींसाठी पैसे मागणारी पत्रं लिहायचं काम आता पूर्ण माझ्याकडे आलंय. माझं मागचं पत्र चाळीस हजार घरी गेलं. आमचे साहेब मिस्टर फेरेल रोज सकाळी एकच गोष्ट सांगतात. आपल्या आयोवात गव्हर्नर तिसरे आले तर पैसा येत राहील, चौथे आले तर त्याच आठवड्यात ऑफिसला कुलूप. तिसरे आलो की मी न्यू हॅम्पशायरला, तिथून पुढच्या राज्यात. चौथे आलो की परत नर्सिंग कॉलेज. रक्त बघून मी कशी आडवी होते ते तू पाहिलंयस. आयुष्यात पहिल्यांदा मला नीट जमणारं काम मिळालंय, मावशी. ते जाऊ नये एवढंच वाटतं.

म्हणून आता थेट विचारते. तू कॉकसला, त्या उमेदवारागणिक कोपऱ्यांत उभं राहून मत द्यायच्या सभेला, गव्हर्नरांच्या बाजूनं उभी राहशील का? निम्म्या गावाला तू शिकवलंयस, तू जिथं उभी राहशील तिथं दहा जण मागनं येतील. मार्लिसनं तिच्या सलूनमध्ये पाठिंब्याची कार्डं ठेवलीत. वेस्ट हॅडलीतलं पहिलं कार्ड मी स्वतः भरलं, तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तू तेव्हा बटाटे सोलत होतीस आणि मुद्दाम बघत नव्हतीस.

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
जोलीन


वेस्ट हॅडली, २६ ऑक्टोबर

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. त्याच दिवशी तुझे दुसरेही पत्र मिळाले, तीन पानी, छापील, ‘प्रिय आर्डिस’ अशी सुरुवात असलेले. निळ्या शाईने कोणी हाताने रेघा ओढल्या आहेत असे वाटावे म्हणून रेघाही छापल्या आहेत. मी बोट ओले करून पुसून पाहिल्या. मी तुमच्या चळवळीचा कणा आहे असे त्यात म्हटले आहे. माझ्या कण्यातले दोन मणके कामातून गेले आहेत असे डॉक्टर सांगतात, तेव्हा चळवळीने दुसरी सोय पाहावी. पहिल्या पानावर अकरा उद्गारचिन्हे आहेत. देणगी मागितली ती एकोणीस डॉलरच का, वीस का नाही, हेही कळले नाही. पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवत आहे. ‘क’ श्रेणी दिली आहे. मजकूर बरा आहे, पण मुलगी ओरडते फार.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. नाही. तुझे गव्हर्नर सप्टेंबरात आपल्या वाचनालयात आले होते. लहान शाळा बंद पडत आहेत, त्यांचे काय करणार, असे मी उभी राहून विचारले. प्रश्न फार सुंदर आहे असे ते म्हणाले आणि आपल्या आजोबांच्या शेताविषयी बोलले. त्यांचे दात चांगले आहेत. दुसरे उमेदवार सिनेटर व्हिटकोम कंटाळवाणे आहेत, पण विचारले त्याचे उत्तर देतात. मी त्यांच्या बाजूला उभी राहीन. शिवाय या वर्षीही वॉर्डाच्या सभेची अध्यक्ष मीच आहे. अध्यक्षाने भाचीसाठी कोपरा बदलला, तर गाव तीस वर्षे तेच बोलेल.

मार्लिसला मी हे तोंडावर सांगितले. माझे केस कापताना तिने जरा जास्तच कापले.

तब्येतीला जप. रागावले नाही. रागावले असते तर ‘ड’ दिला असता.

तुझी मावशी
आर्डिस टोलेफसन


शिकागो, ७ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं लाल शाईचं पत्र मिस्टर फेरेलनी भिंतीवर लावलंय. आधी सगळे हसले. मग त्यांनी मला तू सुचवलेली तीन वाक्यं बदलून पाहायला सांगितली, आणि खरंच, त्या पत्राला नेहमीपेक्षा दीडपट देणग्या आल्या. या बाईंना नोकरीवर घ्या, असं ते म्हणाले. परवडणार नाहीत, असं मी सांगितलं.

पण तुला दुसरीच बातमी द्यायचीय. चर्चच्या तळघरातलं मार्लिसचं चिलीचं, त्या राजमा-मटणाच्या रश्श्याचं जेवण! एका वॉर्डातून चौसष्ट माणसं, प्रत्येकी पाच डॉलर, म्हणजे चौसष्ट देणगीदार. त्यात सह्या केलेली एक्केचाळीस कार्डं. आमच्याकडं भिंतभर नकाशा आहे. टाचणी लाल म्हणजे गाव थंड, हिरवी म्हणजे उत्साह. वेस्ट हॅडलीची टाचणी काल हिरवी झाली, आणि सगळ्यांच्या देखत ती मी टोचली. या गावाची खात्री मी देते, असं मी साहेबांना सांगितलंय. माझं न्यू हॅम्पशायरला जाणं त्यावरच ठरेल.

आता तरी मानशील ना, की लोकांना गव्हर्नर हवेत? तू नाहीस तर नाहीस. एक्केचाळीस जण पुरेत.

नाताळला येणं जमेल असं वाटत नाही. नाताळची बटाट्याची पोळी, लेफ्से, लाटशील तेव्हा माझ्या वाटणीची मार्लिसला देऊ नकोस.

लोभ आहे तो तसाच राहू दे.

जोलीन


वेस्ट हॅडली, ११ जानेवारी

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

लेफ्से डब्यात घालून पाठवली आहे. मार्लिसलाही दिली. तिने मागितली नव्हती, म्हणून दिली.

तुझ्या हिरव्या टाचणीबद्दल काही माहिती देते. उपयोग करायचा की नाही ते तू ठरव. चिलीच्या जेवणाला मीही होते. चौसष्टांत मी मोजली गेले आहे. चिलीबरोबर मार्लिसच्या आईचे दालचिनीचे रोल होते, आणि ते पाच डॉलरला स्वस्तच होते. माझ्या टेबलावरच्या आठांपैकी दोघांना जेवण कोणाच्या नावाने आहे हे माहीत नव्हते. ऑर्व्हिल क्विस्टला ते चर्चच्या छपरासाठी आहे असे वाटत होते. त्याने दहा दिले.

कार्डांचे म्हणशील तर, या हिवाळ्यात पाच उमेदवारांची माणसे दारोदार फिरत आहेत. ऑर्व्हिलने पाचही कार्डांवर सही केली आहे. मी त्याला झापले. तो म्हणाला, की उणे पंधरा अंशांत माणूस ओसरीवर उभा असताना त्याला नाही म्हणून दार लावायचे, असे त्याच्या आईने त्याला शिकवलेले नाही. त्याच्या बायकोने तर प्रत्येकाला कॉफीही दिली. तू याच गावात वाढलीस. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे शिकागोच्या लोकांना माहीत नसणे मी समजू शकते. तुला माहीत असायला हवे होते.

आणखी एक. मतदारांची यादी मी तपासत होते. तुझे नाव अजून माझ्याच पत्त्यावर आहे. ८ फेब्रुवारीला, संध्याकाळी सातला, शाळेच्या जेवणघरात. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. सातला दार लावले की आत जेवढी माणसे असतील तेवढीच. शंभरात पंधरा उभे राहिले नाहीत तर तो गट मोडतो. तू ये. माझ्या विरुद्ध बाजूला उभी राहा, माझी हरकत नाही. खोली तयार ठेवते.

बाकी क्षेम. कळावे, आणि कळले असे कळवावे.

मावशी


शिकागो, ३१ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लेफ्से मिळाली. ऑफिसात कोणाला दाखवलीच नाही.

येणं शक्य नाही गं. साहेबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, की एका मतासाठी साडेतीनशे मैल जाणार, आणि इथं त्याच रात्री दहा हजार देणगीदारांना पत्र जायचंय ते कोण लिहिणार? निकाल येत असतानाच फोन सुरू होतील, आणि पत्र रात्री दहाला छापखान्यात पोचायला हवं. मी ते आत्ताच लिहून ठेवलंय. ‘आयोवातल्या छोट्या छोट्या गावांत माणसं बर्फ तुडवत आली आणि आपल्या शेजाऱ्यांसमोर उभी राहिली’ अशी सुरुवात आहे. उद्गारचिन्ह एकही नाही.

ऑर्व्हिलचं वाचून खूप हसले. पण सगळेच काही ऑर्व्हिल नसतात. एक्केचाळीसातले निम्मे आले तरी आमचा गट टिकतो. मार्लिस म्हणते काळजी नको.

तू मात्र बर्फात चालत जाऊ नकोस. कोणाच्या तरी गाडीतून जा. माझ्यावर नाराज नसशील अशी आशा करते.

जोलीन


वेस्ट हॅडली, ९ फेब्रुवारी

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

एकूण निकाल तुला रात्रीच कळला असेल. आपल्या वॉर्डाचा माझ्याकडून कळावा म्हणून सकाळीच लिहायला बसले आहे.

सातला मी दार लावले. त्र्याऐंशी माणसे होती. गट टिकायला तेरा लागत होती. गव्हर्नरांचा कोपरा दूध ठेवायच्या फ्रीजजवळ होता. मार्लिसने पताका लावल्या होत्या आणि रोलही आणले होते. मोजणी मी केली. बारा. मार्लिसने पुन्हा मोजायला लावले. पुन्हा बारा.

एक्केचाळीस कार्डवाल्यांपैकी नऊ जण दुसऱ्या कोपऱ्यांत उभे होते आणि फ्रीजकडे बघत नव्हते. उरलेले वीस आलेच नाहीत. ऑर्व्हिलच्या डुकरिणीला त्याच संध्याकाळी पिल्ले झाली. त्याने तसा फोन केला. वीस जणांत त्या संध्याकाळी कळवणारा तो एकटा.

गट बदलायला अर्धा तास देतात. मार्लिस प्रत्येक कोपऱ्यात जाऊन आली. बँकेतल्या गॅरेथला तिने रोल दिला. त्याने खाल्ला आणि तिथेच उभा राहिला. शेवटी ती माझ्याकडे आली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, की आर्डिस, पाच पावले आहेत, तुझ्या बहिणीच्या मुलीसाठी पाच पावले चाल. मी सांगितले, की भाची माझी आहे, उमेदवार माझा नाही. ती म्हणाली, की मी दगड आहे. मी म्हटले, की वेळ संपायला चार मिनिटे आहेत.

मी चालले नाही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

वेळ संपली. बारांतले सात व्हिटकोमकडे आले, चार दुसरीकडे गेले. मार्लिसने कोट घातला, पताका काढून त्यांची घडी केली आणि ती घरी गेली. मग मी आकडे लिहायला यादी उघडली. तिसऱ्या पानावर, माझ्या नावाखाली, तुझे नाव आहे. त्याच्यापुढे खूण नाही. तू असतीस तर आम्ही चौऱ्याऐंशी झालो असतो, आणि तेव्हाही तेराच लागले असते. मी हिशेब दोनदा केला.

तू आल्याने राज्याचा निकाल फिरला नसता. वॉर्डाचा फिरला असता. हे मी मार्लिसला सांगितलेले नाही.

खोली अजून तयार आहे.

मावशी


शिकागो, १६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हापासून दोन दिवस ते उघडंच हातात घेऊन फिरत होते. तुला उत्तर म्हणून बरंच काही लिहिलं आणि फाडलं. पाच पावलं, मावशी. पाच. पहिल्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

गव्हर्नर चौथे आले. बर्फ तुडवत आलेल्या माणसांचं माझं पत्र छापून गेलं होतं. त्याला आजवर सव्वीस उत्तरं आली. शुक्रवारी गव्हर्नरांनी माघार घेतली. शनिवारी फेरेलसाहेब नकाशा भिंतीवरून काढत होते. टाचण्या काढून एका मगमध्ये टाकत होते, हिरव्या वेगळ्या, लाल वेगळ्या. कार्डांचे गठ्ठे फेकायला दिले, तर वेस्ट हॅडलीचा मी मागून घेतला. वाचत बसले. सगळ्यात खाली माझं कार्ड, पहिलं भरलेलं, बटाट्याच्या सालीचा डाग असलेलं. तू लिहिलंस की वीस जण आलेच नाहीत. त्या विसात एक मी. आणि ऑर्व्हिलनं निदान फोन तरी केला.

तेरावी मी असते, हे मार्लिसला मी स्वतः फोनवर सांगितलंय. तिनं ते बारा जण मला पुन्हा नावानिशी मोजून दाखवले, फोनचं बिल माझं होतं. मग म्हणाली, की ये, केस कापून देते.

नर्सिंग कॉलेजला जाणार नाही. इथल्या एका छापखान्यात पत्रं लिहायचं काम मिळतंय, पगार कमी आहे. मंगळवारच्या बसनं चार दिवस येते. तुला काही म्हणायचं असेल तर तेव्हा म्हण. लोभ मागायला या वेळी जरा संकोच वाटतो.

जोलीन


वेस्ट हॅडली, १९ फेब्रुवारी

चि. जोलीन हिस,
अ. उ. आ.

मंगळवारी बस थांब्यावर मार्लिस येईल. माझ्याशी ती अजून बोलत नाही, पण गाडी तिची चांगली आहे.

मला काही म्हणायचे नाही. संकोच कशाला, लोभाला कार्ड लागत नाही. एक कळवायचे आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी शाळा मंडळाची निवडणूक आहे. मी उभी राहायचे ठरवले आहे. दुपारी बारा ते रात्री आठ, त्याच जेवणघरात. देणगी पाठवू नकोस, पत्र लिहू नकोस, माझ्यासाठी कोणाच्या सह्या घेऊ नकोस. माझे म्हणणे पटले तरच मला मत दे. पण ये.

मावशी