तांबड्या फुलीपलीकडचे बारा चौकोन

बाबा, ते बारा चौकोन सापडले! घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

तो इजिप्तचा गेम आठवतोय ना? मामाने जहाजावरून आणलेली सीडी, पोफळीच्या वीजघर-कॉलनीतलं आपलं क्वार्टर, आणि प्लग तिथेच होता म्हणून स्वयंपाकघरात मांडलेला सेकंडहँड कॉम्प्युटर. पडद्यावर आपण दिसायचो नाही, नुसती हातातली बंदूक दिसायची. समोर थडगी, भुयारं आणि अंगावर येणाऱ्या ममी. मी दिसेल त्याला गोळ्या घालत सुटायचे. डोंगराच्या पोटातल्या वीजघरातून ड्यूटी संपवून तुम्ही यायचात आणि चहा घेऊन शेजारी बसायचात. पहिल्याच दिवशी म्हणालात, "अगो, मारतेस काय नुसती? आलीस कुठनं ते बघ आधी." आणि चौकोनांचा कागद काढलात. मी चालायचे, तुम्ही पावलं मोजायचात. दहा पावलांचा एक चौकोन. दिवसभर भुयारात राबलेला माणूस घरी येऊन पुन्हा भुयारात शिरतो, म्हणून आई कपाळावर हात मारून घ्यायची.

तिसऱ्या थडग्यात आपण अडकलो. सगळ्या वाटा काढून झाल्या, तरी बाहेरचं दार सापडेना. कागदाच्या मधोमध बारा चौकोन कोरे राहिले होते आणि त्यांच्या शेजारी काळ्या पाण्याने भरलेली एक खोली. मी म्हटलं, मारू उडी? तुम्ही वीजघरातला नियम सांगितलात, "साचलेल्या पाण्यात काठी घातल्याशिवाय पाय घालायचा नाय, बाय." गेममध्ये काठी कुठली? "मग नको जाऊस." आणि त्या खोलीवर तांबड्या पेन्सिलीने फुली मारलीत. आठ दिवस त्याच वाटांनी फिरून फिरून एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. "तुमचा नकाशाच चुकलाय! पावलंसुद्धा नीट मोजता येत नाहीत तुम्हाला!" तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "असेल गो. माझंच चुकलं असेल." घडी घालून कागद खणात ठेवलात, तो पुन्हा काढला नाहीत. वर्षभराने तुम्ही गेलात.

आता तोच गेम नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून पुन्हा विकायला आलाय. इथे रत्नागिरीत मी तो काल घेतला आणि आईने ट्रंकेतून तुमचा कागद शोधून दिला. काय सांगू बाबा! डावीकडे चार चौकोन म्हटलं की चारच, वळण म्हटलं की वळण. ममींना भ्यायचं सोडून मी तुमच्या पेन्सिलीच्या रेघांकडेच बघत चालले होते. आज दुपारी फुलीपाशी पोचले. काठी अजूनही नाही! खुर्चीत बसल्या बसल्या मीच श्वास रोखला आणि उडीचं बटण दाबलं. खाली भिंतीत एक भोक, त्यातून पलीकडे वर, आणि समोर दिव्यांनी झगमगणारी खोली, बाहेर जायच्या दारासकट. मी भिंतीच्या कडेने मोठ्याने मोजत चालले. लांबी चाळीस पावलं, रुंदी तीस. चार आणि तीन. बारा चौकोन, बाबा, नेमके बारा! मी अशी किंचाळले की आई हातात झारा घेऊनच धावत आली.

"काय गो, साप निघाला की काय?"

"बाबांचा नकाशा बरोबर होता!"

"मग? ह्यांचं माप कधी चुकलंय?" असं म्हणून ती परत तळणीकडे गेली.

तुमच्या कोऱ्या जागेत मी ती खोली काढली. रेघ वाकडी आली, चालवून घ्या. फुली तशीच ठेवलीय. हे पत्र त्याच कागदाच्या घडीत ठेवणार आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगायला हवी होती. तुम्ही ड्यूटीवर असताना मी एकदा त्या पाण्यात उतरले होते. ते भोक मला दिसलं होतं. गुदमरल्याचा आवाज यायला लागला, आत शिरायची छाती झाली नाही, म्हणून घाबरून वर आले. तुमचा नकाशा चुकलाय म्हणून ओरडले, ते त्याच संध्याकाळी.