वडेऱ्याच्या पायाशी ठेवलेली ओढणी

लारकाना, १४ डिसेंबर १९६१

सक्कर जेलच्या दारातून तशीच परत! ह्यांना भेटू दिलं नाही. दूध, लोकरी बंडी, सगळं परत आणलं. शिपाई हळूच म्हणाला, "बाई, वकीलसाहेब रक्त थुंकतात. मी सांगितलं असं कुणाला सांगू नका."

लाल साईं, देवा, मी काय करू?

१७ डिसेंबर

जामीन पुन्हा नाकारला. फिर्याद वडेऱ्याची, जमीनदार पंजल खानची — ह्यांनी म्हणे हाऱ्यांना, त्याच्याच कुळांना, भडकवून खळ्यावरचा भात लुटवला. खोटं! त्याच खळ्यावर मिठल हाऱ्यानं आपला अर्धा वाटा मागितला आणि वडेऱ्याच्या माणसांनी त्याला कुऱ्हाडीनं तोडला. त्याच्या बायकोची, हुर्मतची केस ह्यांनी घेतली. म्हणून हे आत.

फाळणीला भाऊ, दीर, जावा, सगळे बोटीनं हिंदुस्थानात गेले. हे म्हणाले, "माझे हारी इथं, माझी भाषा इथं. मी कुठं जाऊ?" बरं, राहिलो. राहायचं म्हणजे काय जेलमध्ये?

हे देव मानत नाहीत. त्यांच्या वाटची ज्योतही मीच लावते. तेल दुप्पट जातं.

२० डिसेंबर

शेजारची रुकी काकी म्हणाली, "पुरे तुझे अर्ज! वडेऱ्याकडे मेड घेऊन जा. बाईनं दारात येऊन डोईवरची ओढणी पायाशी ठेवली की खुनी वैरीसुद्धा नाही म्हणत नाही. त्यात हिंदू-मुसलमान नसतं."

"ह्यांना कळलं तर?"

"कळायला आधी जगू तर दे त्याला!"

२२ डिसेंबर

गेले. ओताकीत, वडेऱ्याच्या बैठकीत, सगळे पुरुष बसलेले. ओढणी काढून वडेऱ्याच्या पायाशी ठेवली. परक्यांसमोर उघडं डोकं! भुई फाटती तर बरं.

तो लगेच उठला. ओढणी उचलून माझ्या डोक्यावर घातली, वर स्वतःची अजरक शाल. "अदी, आजपासून तू माझी बहीण. फिर्याद मागे घेतली. आता तुझ्या घराकडूनही काही उरलं नाही ना?"

मी म्हटलं, "काही नाही उरलं." आणखी काय म्हणणार होते! मला ह्यांना घरी आणायचं होतं.

२९ डिसेंबर

सुटले! नुसती हाडं आली घरी. फिर्याद मागे घेतली एवढंच मी त्यांना सांगितलं. कशी ते नाही.

४ जानेवारी १९६२

हुर्मत आली. पाणीही घेतलं नाही. "अदी पारपती, माझ्या मिठलच्या रक्तावर तू ओढणी घातलीस?"

मला कळेना. मग तिनंच फोडून सांगितलं. मेड मानली की वैर दोन्हीकडून मिटतं. मी 'उरलं नाही' म्हटलं त्यात मिठलचा खूनही मिटला. तिचे साक्षीदार म्हणतात — मेड झाली, आता साक्ष देणं हराम.

देवा! मी फक्त माझा नवरा मागितला होता.

हे दारात उभे. सगळं ऐकलेलं. ओरडतील वाटलं. खोकला आवरून म्हणाले, "कायद्यात याला काडीची किंमत नाही. पण साक्षीदार कायद्यात राहत नाहीत, गावात राहतात."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना!"

"शब्द तुझा. मी तो मोडला तर उद्या कुठल्या बाईची ओढणी कोण उचलेल?"

आणि म्हणे देव मानत नाहीत!

९ जानेवारी

हे लिहीत नाहीत. जेवत नाहीत. माझ्याशी मात्र गोड बोलतात — तेच सोसवत नाही. टिकाण्यात, देवापुढे बसले, प्रार्थना सुचेना. काय मागू? मागितलेलं तर मिळालंय.

११ जानेवारी

शब्द माझा, तर मोडायचाही मीच. उद्या वडेऱ्याच्या गावात जाते. काकी म्हणते, "वेडी झालीस! जगात तोंड कुठं दाखवशील?"

सक्कर, १९ जानेवारी

आता मीच जेलमध्ये, जनाना बराकीत आहे. वडेऱ्याच्या गावच्या बाजारात सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं — मेड माझ्या नवऱ्यासाठी होती, मिठलच्या खुनासाठी नाही. जमावबंदी होती. पोलिसांनी तिथंच धरलं.

साक्षीदार उभे राहिलेत.

आज हे आले. पुन्हा तोंड उघडणार नाही असं लिहून दिलं तर सोडतात. कागद घेऊनच आले होते. "पारपती, सही कर. तुझ्या पाया पडतो."

मी नाही केली.