जावेचे बोंबील

घिवली, मंगळवार, १० जानेवारी १९६७

आज थोरल्या जावेच्या बोंबलांना हात लावला. वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. यांनी भावाची होडी सोडून वीजघराच्या बांधकामावर नोकरी धरली, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "भावाला दर्यात एकला टाकून पलाला तुजा नवरा." ते मनातून जातच नव्हतं.

सकाळी तिच्या बोटात काटा मोडला, हात सुजला. टोपलीभर बोंबील उन्हात तसेच. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू? मग काय झालं कोण जाणे, उठले आणि तिच्या दोरीपाशी गेले.

"तुला कोनी बोलावला?"

"कोनी नाय."

एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. आम्ही दोघी वर्षभर तशाच अडकून सुकत होतो. आणि मला तिचा राग कशाचा? ती बोलली ते मलाही वाटत होतंच की! यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून डूख धरला तिच्यावर.

शेवटी एक बोंबील बिनजोडीचा उरला. तो हातात धरून, समुद्राकडे बघत तिने एवढंच विचारलं, "तुजा रोज घरी येतो ना?"

"येतो."

दिवेलागण झाली. दिरांची होडी अजून लागलेली नाही. किनाऱ्यावर तिचा कंदील दिसतोय. हे पोटभर जेवून आडवे झालेत, होडीचं विचारलंसुद्धा नाही.

माझं ताट झाकून ठेवलंय.