बाहेरून अठरा इंच

१ मे २०१५, शुक्रवार. दुक्म, ओमान
कामगार दिन म्हणे. सुट्टी शुक्रवारचीच, वेगळी एक दिली असती तर कंपनी बुडाली असती काय?
वारा पिसाळलाय. बास्केटबॉलच्या रिंगखाली पुन्हा ढोपरभर वाळू. मी आणि ताऱ्या फावड्याने उपसत बसलो. वाळू चढली की जमीन वर येते, मग रिंगचे दहा फूट दहा फूट राहत नाहीत. उपसायची, उद्या परत तेच.
ताऱ्या म्हणजे तारास. युक्रेनचा, वीस वर्षांचा, माझ्याच शॉपला वेल्डर. तिकडे बास्केटबॉलच्या ज्युनियर टीममध्ये होता. टीम बंद पडली, लढाई लागली, बापाचं वेल्डिंग हातात होतं म्हणून इथे जहाजदुरुस्तीच्या ड्राय डॉकवर आला. मस्कतच्या एका क्लबला मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेला, आज उत्तर आलं. १५ तारखेला येऊन खेळून दाखव. आवडलास तर पगारावर घेऊ. पण कंपनीची एनओसी पाहिजे.
नाचायचं सोडून बॉल घेऊन रिंगकडे गेला. निम्मे बॉल रिंगला आपटून बाहेर.

५ मे, मंगळवार
एचआरच्या सावंतसाहेबांकडे गेलो. कणकवलीचे, आपला माणूस. म्हटलं ताऱ्याच्या एनओसीचं बघा.
"तू तेचो वकील काय रे?"
"नाय साहेब, दोस्त."
"मगे दोस्ताक सांग, काँट्रॅक्ट पुरा कर. नायतर व्हिसा कॅन्सल करतलव, जांदे घराक."
घरी गेला की हातात बंदूक देतील त्याच्या. हे सावंतसाहेबांना, म्हणजे सा.ना, माहीत नाही असं नाही. चहा मागवला, एकट्यापुरता. मी उभाच. आपला माणूस!

८ मे, शुक्रवार
भांडण झालं.
ताऱ्याला आज शंका आली. शिडी लावून रिंगला टेप लावला. उतरला तो लालबुंद. "भाई, अंदर कितना बनाया?"
अठरा. मीच बनवली ना, अठरा इंच. बास्केटबॉलची रिंग आतून अठरा लागते, पण पाइपचं माप आमच्यात बाहेरून धरतात. रोज तेच काम, हात तसाच गेला. जाड पाइप, दोन्ही बाजूंनी आत सरकला. अठरा बाहेरून. आतून साडेपंधरा जेमतेम. आणि हा सगळा हिवाळा त्याच्यात बॉल मारतोय, स्वतःलाच शिव्या घालतोय की हात गेला म्हणून.
त्याच्या भाषेत काय काय बोलला. मीही सोडलं नाही. फुकटात बनवून दिली ते दिसत नाही? एवढी अक्कल होती तर आधी का नाही मोजलीस? त्याने बॉलला लाथ घातली, कुंपणापार. आणायला कोणीच गेलं नाही.

१० मे, रविवार
बॉल मीच आणला.
ड्युटी सुटल्यावर ग्राइंडर घेऊन चढलो. म्हटलं कापून टाकतो, नवी करतो. खालून ताऱ्या, "मत काट."
"गलत है रे."
"मालूम. मत काट."
तोंड फुगलेलंच. पण त्याच बारक्या रिंगवर मारत राहिला. मी खाली उभा राहून बॉल परत फेकत होतो. असला राग मला परवडतो.

१६ मे, शनिवार
काल मस्कत. सलीम, आमचा ओमानी ड्रायव्हर, घरी चालला होता, त्याच्या पिकअपमधून गेलो. हॉलला एसी, लाकडी जमीन. ताऱ्याने वर रिंगकडे बघितलं आणि हसायला लागला. भांडणानंतर पहिल्यांदा. माझ्याकडे वळून, "भाई, बाल्टी है!"
पहिले एकदोन चुकले. मग नुसते पडत गेले. रिंगला शिवेनात. तिथली पोरं खेळायची थांबून बघत होती.
कोचने विचारलं, कुठे प्रॅक्टिस करतोस? ताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. कोचने माझे सेफ्टी शूज बघितले आणि तोंड फिरवलं. त्याच्या लाकडी जमिनीवर थुंकावंसं वाटलं. ताऱ्यासाठी गिळलं.
घेतो म्हणाले. एनओसी आण.

१८ मे, सोमवार
कोणीतरी चुगली केली. सा. स्वतः आले. "कंपनीच्या पायपाची रिंग, कोणाक इचारून?" भंगारातला तुकडा होता, म्हटलं. "भंगार पण कंपनीचाच. काप."
मीच जोडलेली, मलाच कापायला लावली. ताऱ्या बघत होता. कापताना गॉगलच्या काचेआड काय झालं ते लिहीत नाही.
एनओसीचा अर्जही परत. नाही म्हणजे नाही.

२२ मे, शुक्रवार
क्लबचा माणूस रविवारी येतोय, आमच्या मॅनेजरशी बोलायला. ओमानी आहे, वजनदार, असं सलीम सांगतो. सा.ना विचारलं तर, "बघूया, इन्शाल्ला." या एका शब्दावर या कॅम्पात किती जण टेकून बसलेत!
ताऱ्या विचारतो, देंगे? मी खेकसलो, मला काय विचारतोस, मी आठवी नापास. मग वाईट वाटलं.
बाजारात जाऊन भंगारवाल्याकडून पाइप आणला. बिल खिशात ठेवलंय, येऊ दे सा.ना. टेप काढून म्हटलं, या वेळी बरोबर करतो, आतून अठरा.
"नहीं. बाहर से."
"अरे, मस्कत में बड़ी है ना?"
"मस्कत में जब जाएगा, तब."
बाहेरून धरलं. वेल्डिंगचे टॅक मारले. वारा थांबलेला नाही, वाळू उपसायची बाकी आहे.