आवाजाची किरकोळ अडचण

२ ऑक्टोबर, दसरा
कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. देश सोडून इथे माउंट रॉस्किलला आल्यावर एकेक पार्ट आणून मीच जोडलेलं मशीन. म्हातारं झालंय, पण माझ्या हातचं आहे. हळदकुंकू, फूल, मूठभर अक्षता. वसुंधरा म्हणाली, मागे भोकं आहेत, जरा जपून. ती नर्स आहे. हार्डवेअर हा तिचा प्रांत नाही.
मुहूर्त साधून शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीच्या एका कंपनीत आयटी हेल्पडेस्कसाठी अर्ज टाकला. सुपरमार्केटच्या गोदामात खोकी रचण्यासाठी मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला नव्हता.

५ ऑक्टोबर
मशीनचा आवाज गेला. किरकोळ आहे. ड्रायव्हर असणार. चहा होईपर्यंत होईल.

६ ऑक्टोबर
ड्रायव्हर काढून परत टाकला. आवाज नाही. स्पीकर बदलले. नाही. घाई नको. शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचं.

९ ऑक्टोबर
इंटरव्ह्यू! १७ तारखेला, ऑनलाइन. आता गोदाम सुटलंच म्हणायचं.
श्रियाला सांगितलं. आमची लेक मराठीत ऐकते, इंग्रजीत सुनावते. म्हणाली, डॅड, जस्ट यूज मम्स लॅपटॉप. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची नोकरी मागणारा माणूस बायकोच्या लॅपटॉपवर बसणार? तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ ऑक्टोबर
वसुंधरेने टॉर्च मारून पाहिलं. स्पीकरची पिन घालायच्या भोकात अक्षतेचा दाणा अडकलाय म्हणे. चिमटा आणते म्हणाली. मी थांबलो नाही, सेफ्टी पिन घातली. दाणा आत गेला. आता दिसत नाही, म्हणजे निम्मं काम झालं.

१५ ऑक्टोबर
साउंडची सेटिंग्ज उघडून स्पीकर, माइक, जे जे बंद करता येतं ते बंद करून पाहिलं. मग चालू. मग काय चालू होतं ते विसरलो. वसुंधरेने तिचा लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला. मी तो परत नेऊन ठेवला.

१६ ऑक्टोबर
आवाज नाही. घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न सगळीकडे तेच असतात. ओठ हलले की पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांगा', पुढे अनुभव, मग अडचणींवर मात. 'मला ऐकू येत नाही' हे हेल्पडेस्कच्या इंटरव्ह्यूत सांगणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

१७ ऑक्टोबर
अप्रतिम झाला!
तिघं होते. मी 'किआ ओरा' या इथल्या नमस्काराने सुरुवात केली. ओठ हलले, मी बोललो. थांबलो, की पुन्हा हलले, की मी पुन्हा. चॅटचा चौकोन सारखा मध्ये येत होता, बंद केला. इंटरव्ह्यूत गप्पा मारणं शोभत नाही.
मिरजेच्या क्लासमधल्या जगदीश सरांविषयी सांगितलं. माझ्या हातात पहिला स्क्रूड्रायव्हर त्यांनी दिला. सरांचं नाव घेताच सवयीने माझा हात कानाच्या पाळीला गेला. आणि काय सांगू, समोर तिघांनीही कानाला हात लावले! एकीने तर दोन्ही कानांना. दरवेळी सरांचं नाव, दरवेळी हात. परक्या देशात माझ्या गुरूला एवढा मान. मी आणखी रंगून बोलत राहिलो. हे लोक वेगळे आहेत. यांच्याकडे आयुष्यभर काम करेन.
वसुंधरेने किचनमधून ऐकलं. म्हणाली, फार छान बोललास.

२० ऑक्टोबर
सुपरवायझरला सूचित करून ठेवलं, की मी फार दिवस नाही. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. ही शिफ्ट दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो.

२२ ऑक्टोबर, पाडवा
मेल आली. दिलगीर आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा आवाज त्यांना आलाच नाही. ते बोलून, चॅटमध्ये लिहून, कानाला हात लावून सांगत होते. जागा भरली.
म्हणजे सरांचं नावही त्यांनी ऐकलं नाही.
मेल वसुंधरेला दाखवली नाही. ओवाळताना तिने विचारलं, काही कळलं का. अजून नाही म्हणालो. फार वाईट वाटतंय. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी मी कधीच बोललो नव्हतो.