विंगेतला माणूस समुद्रावर

सोमवार, ३ मार्च

चष्म्याच्या दुकानात लंबू भेटला. कॉलेजच्या नाटकातला आमचा खलनायक. सत्तावीस वर्षांनी! मला बघून आधी फ्रेम्सच्या स्टँडमागे लपला. चेष्टेखोर स्वभाव अजून तसाच आहे. म्हणाला, "शुक्रवारी मी, हिरो आणि डॉक्टरीण, आम्ही समुद्रावर..." मी वाक्य पुरं केलं, "...जमतोय, आणि तुझ्याशिवाय मजा नाही!" बिचाऱ्याला पुढे बोलताच येईना. गहिवरला असणार. गेस्टहाऊसचं नाव मात्र मी त्याच्याकडून काढून घेतलं.

जाणार म्हणजे जाणारच. नाटकात ती दोघं हिरो आणि डॉक्टरीणच होती, अजून तीच नावं; मी प्रॉम्प्टर, विंगेतून वाक्यं पुरवणारा. तसं बघितलं तर अख्खं नाटक माझ्याच जिवावर. मी विंगेत नसतो तर तिघांचीही बोबडी वळली असती.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७

आजपासून धावायचं. पोट शुक्रवारपर्यंत आत.

७.२० : बूट सापडत नाहीत. घरात कोणी वस्तू जागेवर ठेवेल तर शपथ.

बायको म्हणाली, "अहो, आधी फोन करून विचारा तरी की..." मी म्हटलं, "...किती वाजता निघायचं! विचारतो." विचारलं नाही. आपल्याच माणसांना काय विचारायचं?

गुरुवार, ६ मार्च

बूट सापडले. आता एका दिवसासाठी कुठे सुरू करा! समुद्रावर भरपूर चालणं होईलच.

माळ्यावरून नाटकाची संहिता काढली. चार प्रती, स्पायरल बाइंडिंगसह. शनिवारी वाळूवर संपूर्ण वाचन. तिघांना सरप्राइज.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ४

पोचलो. छोटं गेस्टहाऊस. खाऱ्या हवेने दारं फुगलीत, खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. तिघं व्हरांड्यात खिदळत होती, मला पाहून एकदम गप्प झाली. अजून धाक आहे. मॅनेजर लंबूला म्हणाला, तुमच्या नेहमीच्या खोल्या तयार आहेत. हे लोक प्रत्येकाला असंच म्हणतात, धंदाच तो. मला मागची खोली मिळाली, पाण्याच्या पंपाशेजारी.

संध्याकाळी ७ : काउंटरमागच्या भिंतीवर फोटो आहेत. लंबू, हिरो, डॉक्टरीण, मागे समुद्र, खाली वर्ष. असे अकरा. ओळीने अकरा वर्षं.

माझा नंबर हरवला असणार त्यांच्याकडून. कॉलेजपासून तोच आहे घरचा नंबर, पण हरवायचा तो हरवतोच.

शनिवार, ८ मार्च. सकाळी १०

नाश्त्याला डॉक्टरीण जरा हळवी झाली होती. म्हणाली, "नवरा गेल्यापासून मला..." मी म्हटलं, "...घर खायला उठतं. कळतं गं." ती म्हणाली, "शांत झोप लागते, असं म्हणणार होते मी." हिरोने तीनदा मीठ मागितलं. मीठ त्याच्यासमोरच होतं.

संध्याकाळी ६ : प्रती वाटल्या. कोणी उघडली नाही. तेव्हा सरळच विचारलं, अकरा वर्षं मला का नाही बोलावलं?

हिरो म्हणाला, स्पर्धेच्या फायनलला शेवटच्या प्रसंगात मी अडलो नव्हतो. तो पॉज होता. महिनाभर तालमीत बसवलेला. तू विंगेतून खणखणीत आवाजात पुढचं वाक्य दिलंस, थिएटर हसलं आणि बक्षीस गेलं.

सत्तावीस वर्षं मी भेटेल त्याला सांगतोय की हिरो अडला आणि मी नाटक वाचवलं.

मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीचा डूख धरून बसलात? लंबू म्हणाला, "बक्षीस गेलं खड्ड्यात. तुझ्यासमोर बोलताच येत नाही रे. तोंड उघडलं की पुढचं तू बोलतोस. त्या दिवशी मी म्हणणार होतो की आम्ही समुद्रावर जातोय, आल्यावर भेटू कधीतरी. तुझं आमंत्रण तूच दिलंस तुला."

आधी राग आला. मग वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ही माणसं सोडली तर मित्र म्हणावं असं मला कोणी नाही, हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

रविवार, ९ मार्च. सकाळी ९.१५, बसमध्ये

संकल्प : यापुढे कोणाचंही वाक्य पुरं करायचं नाही. जीव गेला तरी.

स्टँडवर डॉक्टरीण एकटीच सोडायला आली. बाकीचे दोघे झोपलेत म्हणाली. निघताना मी त्यांना व्हरांड्यात पत्ते पिसताना पाहिलं होतं. बस सुरू झाली तशी ती खिडकीशी आली. म्हणाली, "पुढच्या वर्षी..."

पुढचे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. जीभ दातांखाली धरली आणि वाट पाहिली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. कंडक्टरने बेल दिली. बस फाटकाबाहेर पडेपर्यंत मी मान बाहेर काढून बघत होतो.

तिने वाक्य पुरं केलं नाही.