तीस दिवसांची मुदत

प्रिय बाबा,

मी बरी आहे. तुमचा खोकला कसा आहे?

ओपल मावशीची विहीर नासवणाऱ्या दोन्ही कंपन्यांवरचा खटला आता गावच्या कोर्टात परत येणार नाही. एकीने तो इथे शहरात, केंद्राच्या फेडरल कोर्टात ओढून आणला, तेव्हा नियमाप्रमाणे लागणारी दुसरीची संमतीच घेतली नव्हती. मावशीची वकील म्हणून मी तीस दिवसांत हरकत घेतली असती, तर तो परत गेला असता. पण खटला ओढून आणणाऱ्या कंपनीचा वकील म्हणाला, "बायको आजारी आहे हो, आठवडाभर थांबा." आपल्याकडे वकील शब्दावर थांबतात, म्हणून मीही थांबले. एवढं शिकून गाढवच राहिले! चौतिसाव्या दिवशी अर्ज दिला.

जज शांतपणे म्हणाले, "चूक त्यांचीच आहे, बाईसाहेब. पण मुदत टळली, आता माझेही हात बांधलेत."

ज्यूरीत आता ते पिवळं पाणी कधी न पाहिलेली शहरी माणसं बसतील.

बाहेर मावशीने मला मिठी मारली. "किती गोड बोलला गं जज! जिंकलो ना?"

मी नुसती हसले, बाबा.

ती जिंकल्याचा केक घेऊन तुमच्याकडे येईल. रविवारी मी येईपर्यंत तो कापू देऊ नका.

तुमचीच,
डार्लीन